दादा, टीव्ही सुरू झाला

दादा, तुझ्या तेराव्याच्या पंगती अंगणात बसलेल्या असताना लाईट गेली. औंढ्याला त्यात नवल काही नाही. मांडवातला पंखा थांबला, माणसं उपरण्यानं वारा घेत जेवत राहिली. मी आमटी वाढत होते. थोड्या वेळानं लाईट आली, पंखा फिरायला लागला आणि तुझ्या बंद खोलीतून माझाच आवाज आला.

"दादा, टीव्ही सुरू झाला. आता बटण दाब."

मी तर बाहेर होते, हातात पळी घेऊन. सगळ्यांनी आधी खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशींनी उचललेला घास ताटात परत ठेवला.

"कोण बोललं गं आत?"

"मीच," मी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा आणखीच उतरला.

त्यांना मी काय सांगणार होते? की आत माझ्या मुलाचा जुना संगणक आहे, त्यात टीव्हीच्या छत्रीची वायर लागणारं कार्ड आहे, आणि लाईट आली की तो आपोआप चालू होऊन आधी दादाला हाक मारतो, अशी सोय आम्ही दोघांनी मिळून केली आहे? 'केली होती' म्हणायला हवं. अजून माझ्या तोंडात 'आहे'च येतं.

तू सगळं आयुष्य लोकांच्या बिघडलेल्या टीव्हीवर चित्रं परत आणण्यात घालवलंस. लोणावळ्याच्या बाजारातलं तुझं ते अरुंद दुकान मला आठवतं, दोन्ही बाजूंना उघडे टीव्ही आणि मधे तू. मी शाळेतून थेट तिथं यायचे. चालू पडद्याजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहायचे. तू म्हणायचास, "बघ, काटा आला न्हवं? मग जिवंत हाय." मागचं झाकण काढलेला टीव्ही पाहून मी दचकायचे, तेव्हा तूच मला जवळ ओढून आतलं सगळं दाखवलंस. यंत्राच्या आत हात घालायची माझी भीती तिथं गेली. आज मी शाळेत गणित शिकवते आणि संगणकखोलीही सांभाळते, त्याची सुरुवात त्या दुकानात झाली, हे मी तुला कधी तरी सांगितलं असेल असं मी धरून चालले होते. आता आठवून पाहते, तर सांगितल्याचं आठवत नाही.

मग तुझ्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. तू थेंब घालत राहिलास, दुकान बंद केलंस, आणि विचारलं की म्हणायचास, "दिसतंय की. जरा धूर आल्यावानी वाटतं, येवढंच."

एका रविवारी मी घोरावाडीच्या माझ्या घरून आले, तर तू खोलीत एकटा टीव्हीसमोर बसला होतास. समोर मंतरलेलं कडं विकायची जाहिरात चालली होती. तोच माणूस तेच तेच सांगत होता. मी पाणी प्यायले, वहिनींशी बोलले, चहा झाला. जाहिरात चालूच.

"हे काय बघतोयस रे?"

"बघतोय आपलं."

वहिनी चुलीपाशी हळूच म्हणाल्या, "वन्सं, त्यांना बदलता येत न्हाई. रिमोटचं एक बटान चुकलं की भलतीकडंच जातं. आधी मला हाक मारायचं, कुटलं लागलंय बघ म्हणून. आता हाकबी मारत न्हाईत."

मी त्या दिवशी तुला सुचवलं, आपण बोलून चालवायचा रिमोट आणू. तू चिडलास. "मी त्याला आवाज देत बसू व्हय? साऱ्या आळीनं ऐकायचं, दत्तू डबड्याशी भांडतोय म्हणून! त्यानं मला सांगाया पायजे मी कुटं हाय ते."

खरं तर तू अगदी नेमकं सांगितलं होतंस, तुला काय हवंय ते. मलाच ते कळायला घरी जाईपर्यंत वेळ लागला. आमच्या शाळेत सगळ्या संगणकांवर लिनक्स आहे. पुढच्या रविवारी मी तुला सांगितलं, की ही फुकट मिळणारी प्रणाली आहे, तिचं आतलं सगळं कुणालाही वाचता येतं, हवं तसं बदलता येतं. त्यावर आपण टीव्ही चालवू आणि त्याला बोलायला लावू.

"म्हंजे मागचं झाकण काढलेलीच मिळती," तू म्हणालास. इतक्या महिन्यांत तुझ्या आवाजात पहिल्यांदाच जरा जीव आला.

कार्ड तुझ्याकडेच होतं. एका बंगल्यावाल्यानं कधी काळी दुरुस्तीला टाकलेला संगणक परत नेलाच नव्हता, त्यातलं. छपरावरच्या छत्रीची वायर थेट त्याच्या पाठीत बसते आणि सेट-टॉप पेटीशिवाय संगणकावर चॅनल दिसतात. तू ते माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलं होतंस. मी आणलेल्या माझ्या मुलाच्या संगणकाची बाजू उघडली, तर मला पुढं होऊ न देता तू बोटांनी खाच शोधलीस, कार्डाची कड दोनदा चाचपलीस आणि अंगठ्यानं दाबून बसवलंस. 'टक' झालं. "बसलं," तू म्हणालास.

बसलं, पण चाललं नाही. यंत्राला कार्ड दिसत होतं, टीव्ही काही उघडत नव्हता. सुरू होताना संगणक जे काही स्वतःशी पुटपुटतो ते सगळं पडद्यावर काढून मी तुला ओळीनं वाचून दाखवायला लागले. इंग्रजी वाचायचं, मराठीत सांगायचं. तू मान खाली घालून ऐकायचास, रेडिओवरच्या बातम्या ऐकाव्यात तसं.

"थांब. मागलं परत वाच."

मागची ओळ होती, फर्मवेअरची फाईल सापडली नाही. मी तुला सांगितलं, की हे कार्ड रिकाम्या डोक्यानं जागं होतं. त्यानं काय करायचं, ते दर वेळी संगणकानं त्याला शिकवावं लागतं. तो धडाच आपल्याकडे नाही. मग मोबाईलच्या नेटवर ती फाईल शोधली, उतरवली, योग्य जागी ठेवली, संगणक बंद करून चालू केला. तरी नाही. परत केला. तरी नाही. मी वैतागले.

"शैले, तू त्याला नुसतं हलवून उठवतीस. त्याची झोपच झालेली न्हाई. वीज तोड."

प्लग काढला. तू म्हणालास, लगेच लावू नको, आतली वीज उतरू दे. आपण दोघं तिथंच बसलो. वहिनींनी शेंगा उकडल्या होत्या, त्या खाल्ल्या. मग प्लग लावला, आणि या वेळी पुटपुटण्यात एक नवी ओळ आली. कार्ड तयार आहे. मी वाचली, आणि तू माझ्या डोक्यावर टपली मारलीस. नेम चुकून ती कानावर बसली.

त्यानंतरच्या रविवारी चॅनल शोधायला लावले. यंत्र सगळं आकाश धुंडाळून आलं आणि म्हणालं, एकही नाही. तुला वाटलं वायर खराब. जोड कापून नवा बसवलास, तरी शून्य. मग माझ्या लक्षात आलं, की छत्रीच्या तोंडाशी जो डबा असतो, त्याचा प्रकार मी यादीतून भलताच निवडला होता. तो बदलला आणि पडद्यावर नावं पडायला लागली. मी वर्गात हजेरी घेते तशी मोठ्यानं वाचत गेले. तू हसत होतास. "फुकटातली तेवढी ठेव, बाकीच्यांची गैरहजेरी लाव."

आणि मग ती दुपार. तिच्याबद्दल आपण कधीच बोललो नाही.

चित्र कसं येतंय ते बघायचं म्हणून तू पडद्यासमोर खुर्ची घेतलीस. मी संगणकामागं वायरींत होते. बातम्यांचा आवाज सुरू झाला. मी वाकूनच विचारलं, "कसं आहे रे?"

तू थोडं थांबून म्हणालास, "चांगलं आलंय. रंग जरा भडक झाल्यात."

मी उठून पुढं आले. पडदा काळा होता. त्याची वायर माझ्याच हातात होती, अजून लावायची राहिलेली. तू मान किंचित तिरकी करून त्या काळ्या काचेकडे पाहत होतास, दुकानात गिऱ्हाइकासमोर पाहायचास अगदी तसा, डोळे बारीक करून. तुझी नजर काचेवर नव्हती, तिच्या जरा डावीकडे होती. भिंतीवर.

मी म्हणाले, "थांब, कमी करते."

आणि वायर लावली. चित्र आलं.

"आता झालं बरूबर," तू म्हणालास.

दादा, तुला तेव्हा कळलं होतं का? मी या प्रश्नापाशी रोज येते. मी पुढं आले तेव्हा माझ्या पावलांचा आवाज थांबला होता. तुझे कान इतके तिखट, की अंगणात कोणाची चप्पल वाजली ते तू सांगायचास. माझं थांबलेलं तुला ऐकू आलं नसेल? मग वायर खोचल्याची 'खट' झाली, तीही ऐकली असशील. आणि तरी तू 'आता झालं' म्हणालास. कधी वाटतं, तू मला फसवत होतास. कधी वाटतं, तू मला सांगत होतास, आणि तुला सांगायची तेवढी एकच पद्धत माहीत होती. मी ऐकलं, एवढं तरी तुला समजलं असावं. त्या दिवसानंतर तू माझ्यासमोर धुराची गोष्ट परत काढली नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

पुढचं काम सोपं होतं. यंत्राचा स्वतःचा आवाज आधी लावून पाहिला. तो मराठी बोलायचा, पण पत्र्याच्या डब्यातून. वहिनी दारातूनच मागं गेल्या. "ह्ये न्हाई बाई घरात." मग तूच म्हणालास, माणसाचा आवाज भरू. माझा भरायचं ठरलं, कारण माझा वर्गावरचा, खणखणीत. मी मोबाईलसमोर बसून चॅनलांची नावं म्हटली. बातम्या. शेतीच्या बातम्या. कीर्तन. जुनी गाणी. पावसात छत्रीला काही मिळेनासं झालं तर म्हणून, "सिग्नल नाही, आभाळ भरलं असेल." आणि सुरुवातीला तुला मारायची हाक. कीबोर्डवरच्या आकड्यांच्या बटणांत पाचावर बारीक उंचवटा असतो, तिथून बोट कुठं न्यायचं ते तू एका दुपारी पाठ केलंस. ज्या दिवशी तू स्वतः कीर्तन लावलंस, मग बदलून बातम्या लावल्यास, मग उगाच परत कीर्तन, त्या दिवशी वहिनी पदराला हात पुसत उभ्या होत्या. तू कोणालाच हाक मारली नाहीस. खोलीत फक्त मी बोलत होते, आणि मी तर तोंड मिटून बसले होते.

लाईट जाऊन परत आली की संगणक आपोआप उठावा, ही तुझीच मागणी. "लाईट आली की मला कुनाला शोधाया लागू नये."

आपलं शेवटचं भांडण काठीवरून झालं. पांढरी काठी घे म्हणून मी तुझ्या मागं लागले होते. तू म्हणायचास, काठी घेतली की गाव बघतं. मी म्हणायचे, गाव तसंही बघतंय. शेवटच्या फोनवर तू म्हणालास, "काठीचं बोलायचं आसंल तर येऊ नको. कार्डाचं बोलायचं आसंल तर ये." मी म्हणाले, दोन्ही बोलणार. तू हसलास आणि फोन ठेवलास. रविवार यायच्या आत वहिनींचाच फोन आला. दुपारी जेवून आडवा झालास तो उठला नाहीस. काठीचं मी जिंकले असते की नाही, कुणास ठाऊक. मी अजून मनात मुद्दे मांडते. स्वयंपाक करताना एखादा चांगला मुद्दा सुचतो, आणि मग सांगायला कोणी नसतं.

तेराव्याच्या दिवशी पाहुणे जाताना प्रत्येकजण मला बाजूला घेऊन तेच सांगत होता. "ते काढून टाक शैले. तुझी वहिनी आता घरात एकटी, तिची पोरगी चाकणला. लाईट येईल तेव्हा ते आसं बोलणार." मला पटलं. मी वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बघू."

घरी आल्यावर तो आवाज माझ्या मागं लागला. वर्गात हजेरी घेताना एकदम थांबायचे, कारण माझ्याच तोंडून तो यायचा. औंढ्यात त्या क्षणी लाईट आली असेल का, आणि मी तिथं बोलत असेन का, असं वाटायचं. रिकाम्या खोलीत, तुझ्या खुर्चीकडे तोंड करून, मी तुला बटण दाबायला सांगतेय, आणि तू दाबत नाहीयेस. पंखा फिरायला लागला की माझ्या अंगावर काटा यायचा.

म्हणून काल मी पेचकस घेऊन गेले. कार्ड काढायचं, संगणक घरी न्यायचा, संपवायचं. संध्याकाळ व्हायची होती. अंगणात कोणी नव्हतं. आतून माझा आवाज आला, "शेतीच्या बातम्या." थोड्या वेळानं, "कीर्तन." मग परत, "शेतीच्या बातम्या."

दादा, खोटं सांगत नाही, मी दारात गोठले. कोणीतरी बटणं दाबत होतं.

दार लोटलं. तुझ्या खुर्चीत वहिनी बसल्या होत्या. पडदा चालू होता, भाताच्या खाचरांची हिरवी चित्रं येत होती, आणि वहिनींचे डोळे मिटलेले होते. हात बटणांवर.

"वहिनी?"

त्या दचकल्या नाहीत. डोळेही उघडले नाहीत. "या वन्सं. रोज बसते मी हितं."

"डोळे मिटून?"

"व्हय. त्यांना कसं वाटत आसंल ते बघावं म्हणलं." त्यांनी बोटानं उंचवटा चाचपला. "बटानं सापडत्यात. लय अवघड न्हाई. तुमी नाव सांगता, मग ती बातम्यावाली बाई बोलती. सगळं कळतं. पन वन्सं, शेजारी कुनी हाय का न्हाई, तेच कळत न्हाई."

मी उंबऱ्याशीच उभी होते.

"मी रोज दारात उभी राहायची," वहिनी म्हणाल्या. "हितं, तुमी आता हुब्या हाय तितंच. काम आटपलं की येऊन बगायची त्यांच्याकडं. बोलायची न्हाई. म्हणायची, आता कुटं त्यांना आपलं आपलं बघाया मिळतंय, मधी कशाला बोला. वन्सं, त्यांना कळत आसंल का वो, मी दारात हाय ते?"

तुझे कान तिखट होते, हे मी त्यांना सांगू शकले असते. चप्पल न घालता, पाय न वाजवता त्या किती जपून उभ्या राहत असतील, तेही मला दिसत होतं. "कळत असेल," असं मी म्हणाले. माझा आवाज खणखणीत नव्हता. उत्तर तुझ्याकडे आहे दादा, आणि ते आता आम्हाला दोघींना मिळायचं नाही.

"पेचकस कशाला आनलाय, ते ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "राहू द्या ते. लाईट आली की तुमी त्यांना हाक मारता. मी तर त्यांना कदी नावानं हाक मारली न्हाई. कुनीतरी मारतंय घरात, ते बरं वाटतं."

मी पेचकस पिशवीत टाकला. बाहेरून एक पाट आणला आणि त्यांच्या खुर्चीला लागून ठेवला. वहिनींनी मी बसल्याचं ऐकलं आणि मान जरा माझ्याकडे वळवली, चेहरा मात्र मला चुकवून भिंतीकडे गेला. मग मीही डोळे मिटले.

बातम्यावाली बाई हवामान सांगत होती. घाटमाथ्याचं नाव घेतलं, पुण्याचं घेतलं. मग कुठली तरी वाद्यं वाजली. कशाची होती ते कळलं नाही. कोणीतरी हसलं, तेही कशाला ते कळलं नाही. वहिनींचा श्वास आधी ऐकू येत होता, मग वाद्यांत तो बुडाला, आणि माझ्या शेजारी कोणी बसलंय की नाही, मला सांगता येईना. अंधार मोठा होत गेला. त्यात तू कुठंतरी होतास, इतकी वर्षं होतास, मान तिरकी करून, रंग भडक झाल्यात म्हणत.

मला फार वेळ जमलं नाही, दादा. मी डोळे उघडले.